मराठीतला अबोला

माणसं एकमेकांशी बोलतात म्हणून समाज टिकतो, असं शास्त्र सांगतं. हे शास्त्र ज्यांनी लिहिलं त्यांना भावकी नसावी. ज्यांना भावकी आहे त्यांना ठाऊक असतं, की समाज टिकतो तो योग्य वेळी, योग्य माणसाशी बोलणं बंद केल्यामुळे. सख्खे भाऊ एकमेकांशी मनमोकळं बोलू लागले तर एका पिढीत गावं ओस पडतील.

तरीही कलबुर्गीतल्या एका अभ्यास संस्थेला असं वाटलं, की ग्रामीण भागात माणसामाणसांमधला संवाद ठिकठिकाणी तुटलेला आहे, आणि तो का तुटतो हे एकदा तिथं राहून पाहायला हवं. (खुद्द संस्थेत संचालक आणि उपसंचालक एकमेकांशी फक्त शिपायामार्फत बोलत. पण तो प्रशासकीय विषय असल्यानं अभ्यासाच्या कक्षेत येत नव्हता.) प्रकल्पाला ‘सीमाभागातील समूहांतर्गत संवादभंग : एक निकट अभ्यास’ असं नाव मिळालं आणि पद्धत म्हणून एथ्नोग्राफीची निवड झाली. एथ्नोग्राफी म्हणजे लोकांच्यात राहून, त्यांच्यासारखं जगून त्यांना समजून घेणं. ही पद्धत आपल्याकडे पूर्वापार आहे. फक्त तिला नसत्या चौकशा म्हणत, आणि तिच्याबद्दल डॉक्टरेट मिळत नसे.

या कामावर रत्नपालची नेमणूक झाली. औराद तालुक्यातलं संतपूर हे त्याचं जन्मगाव. भाषा चार: मराठी घरची, कानडी शाळेतली, हिंदी बाजारातली आणि तेलुगू कामापुरती. जिथं जन्म गेला ते गाव आता तो पहिल्यांदाच पाहणार होता, कारण यापूर्वी त्याला ते पाहण्याचा पगार नव्हता.

त्याच्या वडिलांना, मारोतींना, फार समाधान वाटलं. “आजपस्तोर शिकलेली माणसं यायली आन् आपल्याच वस्तीत इचारून जायली,” ते म्हणाले. “काय खाता, पाणी कुठलं, बुद्धाला कधीपून मानायलाव. आता आपलं लेकरू त्यांच्या दारात जाऊन त्यांला इचारणार. इचार बाबा, पोटभर इचार.”

रत्नपालनं अभ्यासासाठी अंकुशराव आणि धनराज या दोन सख्ख्या भावांची निवड केली. निवडीची कारणं शास्त्रीय होती. एक, दोघांचा अबोला संपूर्ण पंचक्रोशीत प्रमाण मानला जाई. दुसऱ्या कुणाचं बिनसलं तर ‘अंकुश-धनराजइतकं नको’ असं म्हणत. दोन, दोघांची घरं एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे असल्यानं एकाच जागी बसून दोन्हीकडचं न बोलणं ऐकता येई. तीन, अंकुशरावांच्या घरी चहा चांगला होई. तो रत्नपालला रोज कागदी कपात मिळे. (स्वच्छतेसाठी, असं सांगण्यात आलं. घरातली बाकीची मंडळी स्टीलच्या कपांतून अस्वच्छपणे पीत.) या कपाबद्दल दोन्ही बाजूंनी कधी एक शब्दही निघाला नाही, त्यामुळे तिथं संवाद तुटण्याचा प्रश्न उद्भवला नाही आणि तो मुद्दा विषयाबाहेरचा ठरला.

अबोल्याचं मूळ एका वेळअमावस्येत होतं. त्या दिवशी सगळं घर शेतात जेवायला गेलेलं. धाकटे धनराज रिवाजाप्रमाणे अंबील शिंपडत शेताला फेरी घालून आले, तर कडब्याच्या कोपीपाशी पंगत सुरू झालेली. “माझी वाट बघायला काय झाल्तं?” धनराज म्हणाले. “पोरगी भुकेजली व्हती,” अंकुशराव म्हणाले. एवढंच. पण भावांमध्ये एवढंच कधीच एवढंच नसतं. भज्जीच्या पातेल्यावरून गोष्ट वाटणीवर गेली, वाटणीवरून बापाच्या आजारपणात कुणी काय केलं यावर गेली, आणि धनराज उठून म्हणाले, “आजपून तुझ्याशी बोललो तर बापाचं नाव लावणार न्हाई.” अंकुशराव म्हणाले, “मीबी न्हाई.” वाडवडिलांची शेती दोघांत वाटून गेली होती. बापाचं नाव तेवढं सामाईक उरलं होतं, ते दोघांनी असं गहाण टाकलं.

या गोष्टीला एक तप उलटून गेलं. सगळ्यात जास्त झळ ज्योतीला लागली. ज्योती अंकुशरावांची एकुलती एक लेक, आता जिल्ह्यातल्याच कोळारच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर. धनराजला मूलबाळ नाही. ज्योती लहानपणी जेवायची काकाच्या ताटात, झोपायची काकाच्या घोंगडीवर. अबोल्यानंतर तिला अंगणातून हाक मारायचीही चोरी झाली. आता तिचं लग्न ठरलं होतं, कलबुर्गीकडच्या आळंदच्या हणमंतरावांच्या मुलाशी. ते लोक जातीनं यांच्यातलेच, पण पिढ्यान्‌पिढ्या कानडी बोलणारे. ज्योतीची एकच मागणी होती आणि ती तिनं रत्नपालसमोरही सांगितली.

“रत्नपालदादा, माझ्या लग्नात काका पायजे. बाकी मला काय बी नको.”

आणि अडचण अशी, की सख्ख्या भावाला लग्नाचं सांगणं धाडून चालत नाही. थोरल्यानं स्वतः दारात जावं, हातावर अक्षता ठेवाव्यात आणि तोंडानं ‘लग्नाला या’ म्हणावं लागतं. न सांगता येणं म्हणजे जेवायला आल्यासारखं.

अभ्यास सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत रत्नपालला एक शोध लागला. सोयाबीनच्या शेतात दोघा भावांची एक सामाईक बोअर होती. एका सकाळी तो बांधावर निरीक्षण करत बसला असता धनराज पलीकडून चालत आले आणि मोठ्या भावाकडे सरळ बघत म्हणाले, “मोटर बंद माडरी.”

“आय्तु री,” अंकुशराव म्हणाले, आणि मोटर बंद केली.

मग दोघं बांधावर टेकले. कानडीत सोयाबीनच्या भावाची चौकशी झाली, तहसील कार्यालयातल्या नव्या साहेबाबद्दल दोन वाक्यं झाली, आणि उठताना थोरल्यानं धाकट्याला “ऊटा आय्तेन्री?” म्हणून जेवणाचं विचारलं. धाकट्यानं झालं म्हणून सांगितलं. रत्नपाल तोंड वासून बघत राहिला.

निरीक्षणांती जे निष्पन्न झालं ते असं. शपथ मराठीत घेतली होती. कानडीत कुणी काही बोललंच नव्हतं. फार पूर्वी एकदा बोअर कोरडी ओढत होती, मोटर जळायच्या बेतात होती, आणि धनराजच्या तोंडून परक्या माणसाला ओरडावं तसं ते कानडी वाक्य निघून गेलं. मोटर वाचली. आकाश कोसळलं नाही. तेव्हापासून दोघं भाऊ मराठीत कडकडीत अबोला पाळून कानडीत सुखानं नांदत होते. कानडी दोघांनीही बसमध्ये, बाजारात आणि सरकारी कचेऱ्यांत शिकलेली, त्यामुळे त्यांच्या कानडीत भांडणाचा एकही शब्द नव्हता. भांडायला आईची भाषा लागते. उलट प्रत्येक वाक्याला ‘री’ असल्यानं धाकटा मोठ्याला जन्मात पहिल्यांदाच मानानं बोलत होता.

रत्नपालनं याला ‘पर्यायी-माध्यमाश्रित सहसंवाद’ असं नाव दिलं आणि दोघांच्या परवानगीनं मोबाईलवर ध्वनिमुद्रण केलं. (परवानगी ‘शेतीविषयक आवाजां’ची घेतली होती, आणि मोटर हा आवाजच आहे.) एकूण संभाषणापैकी चौसष्ट टक्के मोटरीविषयी, एकवीस टक्के बाजारभावाविषयी, अकरा टक्के जेवण झालं का याविषयी आणि उरलेले चार टक्के ते नुसते शेजारी बसून बघत होते. हे चार टक्के कोणत्या रकान्यात घालावेत हे संस्थेच्या पुस्तिकेत दिलेलं नव्हतं.

रात्रीच्या भाकरीला बसल्यावर त्यानं मोठ्या आनंदानं ही बातमी आईला, शोभाबाईंना, सांगितली.

“व्हय, मग?” शोभाबाई म्हणाल्या. “समद्या गावाला ठावं हाय ते.”

“मग कुणी मला कामून सांगितलं न्हाई?”

“सांगत न्हाईत म्हून तर चाललंय की रे.”

प्रशिक्षित संशोधक आणि सामान्य माणूस यांच्यात फरक असतो तो इथं. सामान्य माणसाला एखादी गोष्ट कळली की ती तो पोटात ठेवतो. संशोधकाला तेवढं पोट नसतं.

ज्योतीचा बेतही आता रत्नपालच्या ध्यानात आला. नवऱ्याकडचे कानडी, म्हणून तिनं पत्रिका कानडीतही छापून घेतल्या होत्या. अंकुशराव त्यातली एक घेऊन धनराजच्या दारात जाणार आणि म्हणणार, ‘मदुवी ऐत्री, बर्री.’ लग्न आहे, या. शपथही शाबूत, सांगणंही रीतसर. अंकुशराव गोठ्यात म्हशीसमोर उभं राहून त्या वाक्याची तालीम करत होते. हे वाक्य मोटरीसारखं सोपं नव्हतं. दरवेळी ‘मदुवी’पाशी ते अडायचे, आणि म्हैस मान वळवायची. गीताबाई, त्यांची बायको, चुलीपुढून ऐकायच्या आणि डोळे पुसायच्या.

इथं शास्त्र आडवं आलं. अभ्यास पुरा झाल्यावर निष्कर्ष ज्यांचा अभ्यास केला त्यांनाच परत सादर करावेत, असा एथ्नोग्राफीचा नैतिक दंडक आहे. लोकांचं ज्ञान लोकांना परत देणं म्हणतात त्याला. संचालक डॉ. चनमल्लप्पा या दंडकाचे फार कडक, कारण निधी देणाऱ्यांना त्या कार्यक्रमाचे फोटो लागत. लग्नाच्या आधीच्याच आठवड्यात गावच्या सभागृहात सादरीकरण ठरलं.

ज्योती कोळारहून पहिल्या बसनं आली. “दादा, पाया पडते. हे तेवढं नका दाखवू. दादा परवा सांगायला जायलेत काकाकडं.” तिचे वडील तिला दादाच होते, आणि रत्नपालही; त्या घडीला तिला दोन्ही दादांची सारखीच गरज होती.

“अगं, नावं बदलल्यात मी,” रत्नपाल म्हणाला. “कुणाला ओळखू बी येणार न्हाई. उलट दोघं बोलायलेत हे त्यांला कळलं, की उघड बोलतील. अबोला सुटंल. तुझंच काम हुईल.”

त्याला खरोखरच तसं वाटत होतं. याच गोष्टीचं वाईट वाटतं. मनात कपट असतं तर कुणीतरी त्याला अडवलं असतं.

सभागृह भरलं. चनमल्लप्पा पांढऱ्या गाडीतून आले, हार झाले, नारळ झाला. पडद्यावर चित्रं दिसू लागली. गोपनीयतेच्या नियमानुसार थोरल्या भावाचं नाव ‘अ’ आणि धाकट्याचं ‘ध’ असं ठेवलेलं होतं. अ हे मिशा असलेले, एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलेले, आणि ध यांच्याबरोबर बोअर सामाईक असलेले शेतकरी होते. संतपूरसारख्या मोठ्या गावात असे किती तरी असतील, असा नियमाचा होरा होता. मग चेहरा धूसर केलेला एक फोटो आला. धूसर चेहऱ्याखाली अंकुशरावांचा तोच हिरवा मफलर होता, जो ते त्या क्षणी गळ्यात घालून पहिल्या रांगेत बसले होते.

शेवटी रत्नपालनं आवाज लावला.

“मोटर बंद माडरी,” धनराजचा आवाज सभागृहात घुमला.

“आय्तु री,” अंकुशरावांचा.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं, इतकी वर्षं पोटात धरलेलं हसू होतं ते. पडद्यावर ठळक अक्षरांत निष्कर्ष उमटला, की सदर बंधूंमध्ये अबोला अस्तित्वात नसून दोघेही गेली अनेक वर्षं नियमित संवाद करीत आहेत.

मागच्या रांगेतून धनराज उठले. चेहरा पार उतरलेला.

“म्हंजे मी बोलायलो व्हतो?” ते म्हणाले.

मग ते पडद्याकडून रत्नपालकडे वळले.

“रत्नपाल, तूच सांग, तू शिकलेला हाईस. मी बापाची आण मोडली?”

रत्नपालच्या सगळ्या शिक्षणात या प्रश्नाचं उत्तर कुठं शिकवलेलं नव्हतं. “तसं न्हाई अण्णा, हे सकारात्मक हाय,” तो म्हणाला. हे त्याचं वाक्य पुढं त्याला बरेच दिवस जेवताना आठवत असे.

अंकुशरावही उठले होते. “मी त्याला न्हाई बोललो,” ते छपराकडे बघत म्हणाले. “मी मोटरीला बोललो.” मग एक भाऊ पुढच्या दारानं गेला आणि एक मागच्या. ज्योती भिंतीला टेकून उभी होती. तिनं रत्नपालकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चनमल्लप्पांनी सहभाग उत्स्फूर्त होता असा शेरा दिला आणि फोटो काढून घेतले.

त्या दिवसापासून कानडीही बंद झाली. खबरदारी म्हणून हिंदी बंद झाली, कारण इथल्या दख्खनी हिंदीत शिव्या-शपथा दोन्ही पक्क्या लागतात. तेलुगू दोघांनाही येत नव्हती, तरी तीही बंद केल्याचं कळवण्यात आलं. (कुणामार्फत ते कळवलं, हे समजलं नाही.) मोटर चालू राहिली की चालूच राही, धनराजच्या तुरीत पाणी साचलं आणि सामाईक बोअरचा पंप जळाला. कानडी पत्रिका कपाटावर तशीच पडून राहिली. अंकुशराव दोनदा भिंतीपर्यंत गेले आणि अंगण झाडून परत आले.

संस्थेच्या दृष्टीनं मात्र प्रकल्पाला आता कुठं बहर आला. आधीच्या अहवालातली मोठी उणीव ही, की संवादभंगाचा अभ्यास असून त्यात संवाद भंगलेलाच नव्हता. ती उणीव दूर झाली. चनमल्लप्पांनी रत्नपालचं अभिनंदन केलं, मुदतवाढ मंजूर करून घेतली, आणि लग्नाला हजर राहून ‘भंगाची परिणती’ टिपायला सांगितलं.

लग्न हुमनाबादेत, हमरस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होतं. बाहेर लॉऱ्यांची रांग, आत सनईची कॅसेट. रत्नपाल कडेच्या खुर्चीवर बसला. शोभाबाई त्याच्या शेजारी होत्या, पण त्याच्याशी फारसं बोलत नव्हत्या. मुलीकडच्या बाजूला पहिल्या रांगेत काकाची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणी बसू नये म्हणून गीताबाईंनी पिशवी ठेवली होती.

वऱ्हाडाच्या जीपा लागल्या. मुलाकडची मंडळी फेटे सावरत आत आली, आणि त्यांच्या मधोमध, अगदी आळंदचे असल्यासारखे, धनराज आत आले.

 मांडवात एकदम सगळे बोलायला लागले, पाण्याबद्दल, उकाड्याबद्दल, वाटेतल्या खड्ड्यांबद्दल. तिकडे कुणी बघितलं नाही. इतक्या माणसांनी एकाच वेळी इतक्या काळजीनं न बघणं रत्नपालनं कधी पाहिलं नव्हतं.

“हे आमच्याकडचे पाहुणे,” व्याही हणमंतराव सगळ्यांना कळावं म्हणून मोठ्यानं मराठीत म्हणाले. “आमच्यासंगं आल्यात आळंदहून.”

धनराज पहाटेच्या आधीच संतपूरहून निघून, हुमनाबाद ओलांडून, थेट आळंदला गेले होते आणि तिथून वऱ्हाडात बसून परत हुमनाबादेला आले होते. मुलाकडच्यांनी त्यांना रीतसर घरी सांगणं धाडलं होतं. त्यांचं बोलावणं आलं ते परक्याकडून, आणि परक्याच्या बोलावण्याला बापाची आण लागू होत नव्हती. सासऱ्याला फोन कुणी केला असेल हे सांगायला एथ्नोग्राफीची गरज नाही. नवरीच्या खोलीच्या दारात ज्योती मान खाली घालून उभी होती.

आणि मुलीच्या बापानं मुलाकडच्या प्रत्येक पाहुण्याचा मान करायचा असतो. ते काही बोलणं नव्हे, ती रीत आहे. अंकुशराव कुंकवाची वाटी आणि टॉवेल-टोप्यांचं ताट घेऊन वऱ्हाडाच्या रांगेनं निघाले. एकाला कुंकू, टॉवेल, टोपी. दुसऱ्याला कुंकू, टॉवेल, टोपी. मग ते सख्ख्या भावासमोर येऊन थांबले. कुंकू लावलं. खांद्यावर टॉवेल टाकला. डोक्यावर टोपी ठेवली. टोपी वाकडी बसली होती. बाकीच्यांच्याही वाकड्या बसल्या होत्या, पण ही त्यांनी दोन्ही हातांनी धरून नीट केली, आणि हात लगेच काढले नाहीत. दोघांच्याही तोंडून शब्द निघाला नाही. मग अंकुशराव पुढच्या पाहुण्याकडे सरकले आणि त्या बिचाऱ्याला कुंकू लावायचंच विसरले.

अक्षता पडल्यावर ज्योती सासरच्या वडीलधाऱ्यांच्या रांगेनं पाया पडत आली. धनराजच्या पायांपाशी ती वाकली ती वर येईना. धनराज तिच्या डोक्यावर हात ठेवून छताकडे बघत होते, नवी टोपी सावरत.

रत्नपालला रडू आलं. हे त्यानं पद्धतीत बसवून पाहिलं, पण बसलं नाही. फोटोसाठी खिशातून मोबाईल काढला होता तो त्यानं परत ठेवला. तेवढ्यात तोच वाजला. पलीकडे चनमल्लप्पा होते. धाकटे बंधू आले का, दोघांत काही संपर्क झाला का, अशी विचारणा झाली.

“न्हाई सर,” रत्नपाल म्हणाला. “खुर्ची रिकामीच हाय. संवाद पूर्णपणे तुटलाय.”

शोभाबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या साऱ्या अभ्यासातला एवढाच निष्कर्ष कामाचा ठरला, आणि तो खोटा होता.

संस्थेनं तो छापला. सदर बंधूंमध्ये सर्व माध्यमांतील संपर्क संपुष्टात आल्याचं आता अधिकृत आहे, आणि त्यामुळे सगळं उत्तम चाललं आहे. ज्योतीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे संतपुरात. बारसं अंकुशरावांच्या अंगणात व्हायचं आहे, आणि धनराजचं घर त्या अंगणाच्या भिंतीपलीकडेच आहे. तेव्हा ते आदल्या दिवशी बसनं आळंदला जातील, आणि बारशाच्या सकाळी व्याह्यांच्या जीपमधून भिंतीच्या अलीकडे येऊन उतरतील. सगळं ठरलेलं आहे. अर्थात ठरवलेलं कुणीच नाही. ही व्यवस्था चालायला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे ज्याला ठाऊक आहे त्यानं बोलू नये आणि ज्याला ठाऊक नाही त्यानं ‘मग पुढं काय झालं’ असं विचारत बसू नये.

तुम्ही मात्र इथवर वाचत आलात. आता बारशाला धनराजनं कोणत्या तोंडानं यायचं, ते तुम्हीच सांगा.